आधी शाई, मग पेन

"आत्या, मला शाईचं पेन घ्यायचंय. कुठलं घेऊ?"

भाचीनं हे विचारलं तेव्हा तिच्या मोबाइलवर चार पेनांचे फोटो तयार होते. एक पारदर्शक, एक पिवळंधमक, एक काळं-सोनेरी आणि एक इतकं महाग की किंमत तिनं अंगठ्यानं झाकून धरली होती. मी चारही पाहिली आणि म्हटलं, "छान आहेत. शाई कुठली भरणार?"

"शाई काय, निळी!"

इथंच तर सगळी गोम आहे. आमच्या घराला ही 'शाई काय, निळी' फार महागात पडली आहे. तिला ते ठाऊक नव्हतं, कारण तेव्हा ती लहान होती आणि आम्ही मोठी माणसं त्याबद्दल फारसं बोललो नाही. तिला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. शाईच्या पेनाची हौस आपल्या मुलांमध्ये पुन्हा आली आहे, पण दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न बहुतेक जण चुकीचाच विचारतात.

13 ऑक्टोबर 2020 च्या रात्री हैदराबादेत झालेला पाऊस इथलं कुणी विसरणार नाही. सरूरनगरचं तळं भरून वाहिलं आणि पहाटेपर्यंत आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी होतं. गाद्या, फ्रिज, भावाची स्कूटर, सगळ्याचं जे व्हायचं ते झालं. पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेची आठवण मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. तिच्यात दोन गोष्टी होत्या: आजोबांच्या 1952 पासूनच्या रोजनिशा आणि आईची स्वयंपाकाची वही.

रोजनिशा फुगून दुप्पट झाल्या होत्या. पानांवर निळसर ढग पसरले होते. पण त्या ढगांखाली आजोबांचं अक्षर जसंच्या तसं होतं, करडं-काळं, ठाम. 1956 च्या नोव्हेंबरात मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला. नांदेडची भावंडं एका राज्यात राहिली आणि आपण दुसऱ्या, याची एका ओळीत नोंद, आणि लगेच खाली दुधाचा हिशेब. तोही आणे-पैशांसकट वाचता आला.

आईची वही उघडली तर पानं कोरी. चाळीसेक पानं, फिकट आभाळी रंगाची, जणू कुणी नीळ घालून धुवून वाळत टाकलेली. 1983 पासून तिनं लिहिलेलं सगळं गेलं होतं. राहिल्या होत्या त्या मधल्या मधल्या बारीक नोंदी, नंतर कधीतरी हाताशी आलेल्या बॉलपेननं कडेला केलेल्या. 'हिंग विसरू नये.' 'मुलांना आवडलं.' 'गूळ पाऊण वाटी पुरे.' कशाला पाऊण वाटी, ते कळायला मार्ग नाही. आई 2014 मध्येच गेली.

आजोबा आणि आई, दोघंही शाईच्या पेननं लिहीत. आईचं पेन तर आजोबांच्या पेनापेक्षा भारी होतं. फरक होता तो बाटलीत. आजोबा निळी-काळी, म्हणजे ब्लू-ब्लॅक शाई वापरत. कचेरीच्या कामाला तीच चाले. आईनं आम्हा मुलांच्या शाळेसाठी आणलेली धुतली जाणारी निळी शाई वापरली. घरात एकच बाटली असे आणि गणवेशावरचे डाग निघायला हवेत, एवढाच त्या खरेदीमागचा विचार. बाटलीवर तसं स्पष्ट छापलेलंही असे. शाईनं आपलं काम चोख केलं; डाग गेले, आणि वहीसुद्धा गेली.

तर मंडळी, शाई म्हणजे नुसता रंग नव्हे. रोजच्या वापरातली बहुतेक निळी शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. पाणी वाळतं, रंग कागदाच्या तंतूंवर बसतो. पुन्हा पाणी पडलं की तो उठतो, आणि ऊन लागत राहिलं की फिका पडतो. रॉयल ब्लू नावाची छटा तर मुद्दामच अशी केलेली असते. जर्मनीत शाळकरी मुलं तिनं लिहितात आणि चुकलेला शब्द खास खोडपेनानं नाहीसा करतात. परीक्षेचा सराव, वर्गातली टिपणं, सामानाच्या याद्या यांना ती उत्तम. पेनात गोठत नाही, निब खराब करत नाही, कपड्यावरून निघते. फक्त तिच्यावर विश्वास टाकायचा नाही.

आजोबांच्या शाईचं गुपित स्वयंपाकघरात पाहायला मिळतं. लोखंडी विळीवर आवळा चिरला की पातं काळं पडतं ना? आवळ्यातला तुरट अंश आणि लोखंड यांची गाठ पडते आणि काळा रंग तयार होतो. ब्लू-ब्लॅक शाईचा मूळ प्रकार हाच. मायफळातला तुरट अर्क आणि हिराकस. हो, तेच मायफळ, जे तुमच्या आज्यांनी बाळगुटीत उगाळलं. ही शाई बाटलीत असताना जवळजवळ रंगहीन असते, म्हणून लिहिताना दिसावी यासाठी तिच्यात निळा रंग घालतात. कागदावर हवा लागली की ती काही तासांत, दिवसांत काळी होत जाते आणि कागदाला घट्ट धरते. आमच्या रोजनिशांवरचे ते निळे ढग म्हणजे वरचा दिखाऊ रंग, तो पाण्यानं पळाला. खालचं लोखंड राहिलं. इंग्लंडात जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदवह्यांसाठी अशाच शाईचा आग्रह धरला जाई, आणि तो उगाच नव्हता.

पण तिचेही नखरे आहेत. ती आम्लधर्मी असते. पेनात भरून महिनाभर विसरलात तर आत साका धरते आणि स्टीलच्या निबला गंज चढवते. जुन्या काळच्या कडक शाईनं तर कागद खाल्ल्याची उदाहरणं आहेत. हल्लीच्या सौम्य असतात. पेलिकनची 4001 ब्लू-ब्लॅक, जपानच्या प्लॅटिनम कंपनीची ब्लू-ब्लॅक या अजून लोखंडाच्या शाया आहेत. मात्र बाटलीवर 'ब्लू-ब्लॅक' लिहिलं म्हणजे आत लोखंड आहेच असं समजू नका. पुष्कळ कंपन्यांच्या बाबतीत आता ते फक्त छटेचं नाव उरलं आहे.

तिसरा प्रकार पिगमेंट शाईचा. हिच्यात रंग विरघळलेला नसतो, त्याचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. ते कागदात जाऊन बसले की पाण्यानंही हलत नाहीत आणि उन्हानंही सहसा उडत नाहीत. पण पेनात वाळली तर निबखालची जीभ बुजते, म्हणून रोज लिहिणाऱ्यानंच ती वापरावी. पोथ्यांची काजळी आणि डिंकाची शाई हिची आजी म्हणा हवं तर. काजळी उन्हाला दाद देत नाही, म्हणून जुन्या पोथ्या काळ्याभोर दिसतात. डिंक मात्र पाण्यात सुटतो. ती बोरूची शाई, पेनात कधीच घालायची नाही. तीच गोष्ट चित्रकलेच्या काळ्या ड्रॉइंग इंकची. आमच्या वर्गातल्या एका मुलानं ती भरली होती. त्याचं पेन आजही उघडलेलं नसेल.

शाईची गोष्ट निघाली की मराठी माणसानं एक आठवावंच. मुंबईत दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये घोडा छाप शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. पाण्यात वडी विरघळवायची की दौत तयार. पुढं पेनाची शाई आली ती उंटाच्या नावानं, आणि 'कॅमल' व 'इंक' मिळून झालं कॅमलिन. गंमत म्हणजे पार्करची 'क्विंक' शाईही 1931 चीच आणि तिचं नावही तसंच दोन शब्द जोडून केलेलं. तीही धुतली जाणारी आणि कायमची अशा दोन प्रकारांत मिळे. म्हणजे हा फरक आपल्या आजोबांच्या पिढीला दुकानात विचारावाच लागे. तो विसरलो आपण.

लेबलवर विसंबायचं नसेल तर घरीच पाहा. ज्या कागदावर लिहिणार त्यावरच शाईनं चार ओळी लिहा, एक दिवस वाळू द्या आणि अर्धा भाग वाटीभर पाण्यात दहा मिनिटं बुडवा. दुसरी पट्टी खिडकीत उन्हाला चिकटवा, अर्धी जाड पुठ्ठ्यानं झाकून. महिन्यानं पुठ्ठा काढा. झाकलेल्या आणि उघड्या भागात जो फरक दिसेल तो कुठलाही दुकानदार सांगणार नाही.

आणि एक प्रामाणिकपणे सांगते. आमच्या वहीत टिकलं ते बॉलपेन. त्याची शाई तेलकट, पाण्याला जुमानत नाही. तेव्हा शाईचं पेन म्हणजे श्रेष्ठ आणि बॉलपेन म्हणजे हलकं, असलं काही माझ्या मनात नाही. ओएमआरच्या उत्तरपत्रिकेला बॉलपेनच हवं. चेकवर, अर्जावर धुतली जाणारी शाई वापरणं तर शुद्ध वेडेपणा. शाईचं पेन घ्यायचं ते हातासाठी. बॉलपेन दाबावं लागतं, शाईचं पेन नुसतं टेकवलं की चालतं. तीन तास लिहून बोटं दुखणाऱ्या मुलांनी हा फरक एकदा अनुभवावा. सवय होईपर्यंत पंधरा दिवस मात्र लागतात, कारण दाबायची खोड जात नाही.

कागदाबद्दल थोडक्यात. चांगली शाई वाईट कागदावर फुटते, अक्षराला केस फुटल्यासारखं दिसतं, मागच्या पानावर उतरते. नुसतं जीएसएम पाहून भागत नाही. पातळ पण घट्ट पृष्ठभागाचा कागद जाड पण भुसभुशीत कागदापेक्षा बरा. वही घ्यायच्या आधी शेवटच्या पानावर दोन शब्द लिहून बघू द्या म्हणावं, बहुतेक दुकानदार देतात. गोव्यातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको, पावसाळ्यात तिथला कागदच ओलसर असतो आणि जूनमध्ये न फुटणारी वही जुलैत फुटू लागते. ग्वाल्हेरकडच्यांची तऱ्हा उलटी. मेमधल्या कोरड्या उष्म्यात टोपण दोन मिनिटं उघडं राहिलं की निब सुकते. आम्ही हैदराबादी दोन्ही भोगतो.

आता पेन. बघा, किती उशिरा आलं ते!

निबवर एफ असेल तर बारीक, एम असेल तर मध्यम. पण जपानी एफ युरोपच्या एफपेक्षा बारीक असते, कारण त्यांच्या चित्रलिपीत एकेका अक्षरात रेघांची दाटी. आपली देवनागरीही काही सुटसुटीत नाही. जाड निबनं बारीक अक्षरात 'छ', 'ध', 'थ' यांची पोटं भरून जातात, 'क्ष' आणि 'ज्ञ' म्हणजे नुसते ठिपके. बारीक अक्षर असेल तर एफ, टपोरं असेल तर एम. निब सोन्याची असावी अशी काही गरज नाही. कागदाला टेकतं ते टोक दोन्हींत वेगळ्या कठीण धातूचंच असतं, आणि चांगली घासलेली स्टीलची निब वर्षानुवर्षं चालते.

दुकानात पेन दिलं की लोक काय करतात? सही करतात, नाहीतर नागमोडी रेघ ओढतात. सही तर झोपेतही छान येते! त्याऐवजी आपल्या नेहमीच्या अक्षरात मराठीच्या पाच ओळी लिहा, शिरोरेखेसकट. आपली खरी परीक्षा त्या आडव्या रेघेत आहे. निब कुठं खरखरत असेल, मध्येच शाई सोडत असेल तर ती डावीकडून उजवीकडे ओढलेल्या लांब रेघेत लगेच कळतं. डावखुऱ्या मुलांचा हात ही रेघ ओढण्याऐवजी ढकलत नेतो आणि वर ओल्या शाईवरून फिरतो. त्यांनी निब गुळगुळीत आणि शाई लवकर वाळणारी घ्यावी, टीपकागद जवळ ठेवावा. माझी भाची डावखुरी आहे, म्हणून हे माहीत.

शाई भरण्याच्या दोन मुख्य तऱ्हा. एक काडतूस किंवा ओढनळी, म्हणजे कार्ट्रिज आणि कन्व्हर्टर. यात शाई थोडी मावते, एक मिलिलिटरच्या आतबाहेर, पण स्वच्छ आणि सोयीचं. दुसरी आपली जुनी, ड्रॉपरनं थेट पेनाच्या पोटात शाई ओतायची. त्यात तिप्पट-चौपट शाई मावते. मात्र पोट पाऊणभर रिकामं झालं की हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि पेन शाई ओकतं. खिशावरचे ते ऐतिहासिक डाग त्याचेच. उपाय साधा: पाव उरली की भरून टाका.

ही ड्रॉपरची पेनं आपल्याकडची खासियत. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी हातानं घडवलेलं स्वदेशी पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींना वर्ध्याला पोचलं आणि 1935 मध्ये गांधीजींनी ते वापरून आभाराचं पत्र पाठवलं. हैदराबादेत आबिड्सला डेक्कन पेन स्टोअर्स 1928 पासून आहे. इथल्या जुन्या मराठी घरांतली निम्मी पेनं आबिड्सच्या फेरीत घेतलेली असतात. एबोनाइट, म्हणजे कडक केलेल्या रबराचं पेन हातात घेऊन पाहा. ते प्लास्टिकसारखं गुळगुळीत थंड लागत नाही आणि लिहिता लिहिता हाताला येऊन बसतं. ते ऑनलाइन घेण्यात मजा नाही. समोर बसून निब आपल्या हाताप्रमाणे घासून घ्यावी, चहा होईस्तोवर.

पहिलं पेन मात्र महाग घेऊ नका. शंभर ते तीनशे रुपयांत चालण्यासारखं देशी पेन मिळतं. वर्षभर लिहा. कुठल्या जाडीची निब, केवढा घेर, टोपण मागं लावून लिहिता की काढून, हे सगळं तोवर कळलेलं असेल. मग हजार-दोन हजार घालायचे तर घाला. आमच्या पिढीतल्या कुणाकडे जुनं हिरो 616 पडलं असेल तर तेही बाहेर काढा. पार्कर 51 च्या घाटावर चीननं केलेलं ते पेन. त्याची निब टोपडं घातल्यासारखी झाकलेली असते, म्हणून लवकर सुकत नाही. कोमट पाण्यात रात्रभर भिजवलं की बहुतेक वेळा जिवंत होतं. कोमट म्हणतेय, गरम नाही. आणि साबण-स्पिरिटाचे प्रयोग नकोत. एरवीही शाई बदलताना आणि नाहीतर महिन्यातून एकदा साध्या पाण्यानं पेन धुवा, स्वच्छ पाणी येईस्तोवर. दोन वेगळ्या शाया एकमेकींत कधी मिसळू नका, साका होतो.

भाचीनं शेवटी त्या चारांतलं एकही घेतलं नाही. आबिड्सला जाऊन हिरवट एबोनाइटचं एक घेतलं, अडीच तास लावून. दुकानदारानं डाव्या हाताची निब घासताना तिला तीनदा शिरोरेखा ओढायला लावली, आणि तिला मराठी लिहिताना पाहून तो तेलुगूत काय म्हणाला ते तिनं मला सांगितलं नाही, नुसती हसली. शायांच्या बाटल्या दोन आणल्या. कॉलेजसाठी धुतली जाणारी निळी, आणि एक लोखंडाची. तिच्या खोलीच्या खिडकीत आता पाच कागदी पट्ट्या चिकटवलेल्या आहेत. रॉयल ब्लूची उघडी बाजू तीन आठवड्यांतच फिकी पडू लागली.

लोखंडाच्या शाईनं ती आईची वही पुन्हा लिहून काढते आहे. रविवारी दुपारी माझ्याकडे येते, मी आठवेल तसं सांगते, धाकटी मावशी इंदूरहून फोनवर दुरुस्त करते. एकवीस पदार्थ झाले. जिथं बॉलपेनची नोंद उरली आहे तिथं ती आधी उतरवून घेते आणि मग पदार्थ कुठला असेल ते आम्ही शोधतो. 'हिंग विसरू नये' म्हणजे कढी, यावर सगळ्यांचं एकमत झालं. 'गूळ पाऊण वाटी पुरे' वर मात्र अडलंय. मी म्हणते पुरण. भाऊ म्हणतो सांज्याच्या पोळ्या, कारण पुरणाला आई कधी 'पुरे' म्हणायची नाही. भाचीनं त्या पानावर वरची ओळ मोकळी सोडली आहे.